पार्ल्याचे पंधरा दिवस

आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, पण आम्ही दोघे नुसते 'फिरायला' म्हणून कुठे गेलो नव्हतो. पंढरपूरला गेलो, जोतिबाला गेलो, पाहुण्यांच्या लग्नांना गेलो, दवाखान्यात गेलो. पण हॉटेलात बसून खायचे, गाणे ऐकायचे, डोंगर बघायचा आणि परत यायचे, एवढ्यासाठी कधी गाव सोडले नव्हते. म्हशीला कोण बघणार आणि पाण्याची पाळी कोण धरणार, हे आपणा शेतकरी बायकांना सांगायला नको. आमच्यावर ती वेळ आली यांच्या कानामुळे.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. शेत उसाचे. यांनी तरुणपणी नदीवरच्या डिझेल इंजिनाशेजारी रात्रीच्या रात्री काढल्या, पुढे वीस वर्षे स्वतःचा ट्रॅक्टर चालवला. ऐकू कमी येऊ लागले ते हळूहळू. आधी मला वाटले, लक्ष देत नाहीत. नवऱ्याचे लक्ष नसणे ही काही बायकांना नवी गोष्ट नाही, त्यामुळे दोन वर्षे तशीच गेली. मग एकदा एका सभेत कुणीतरी यांना काही विचारले, यांनी हसून मान डोलावली, आणि घरी आल्यावर कळले की आपण एकाच्या कर्जाला जामीन राहिलो आहोत. ज्याला ऐकू येत नाही तो 'काय?' म्हणून दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा लाजतो आणि मान डोलावतो. हे मला तेव्हा समजले.

धाकटा मुलगा मुंबईत विलेपार्ल्याला असतो. त्याने हट्ट धरला, "आबांना घेऊन ये, कान दाखवू." जानेवारीत ऊस कारखान्याला गेला, थोरल्याने घर सांभाळायचे कबूल केले आणि गेल्या फेब्रुवारीत आम्ही किर्लोस्करवाडीला रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो. सकाळी दादरला उतरलो आणि तिथून लोकलने पार्ले.

पार्ले म्हटले की आपल्याला बिस्किटाचा पुडा आठवतो. ते पार्ले हेच. १९२९ साली इथे गोळ्यांचा कारखाना निघाला, बिस्किटे त्यानंतर काही वर्षांनी. सून म्हणाली, पूर्वी स्टेशनात उतरले की बिस्किटे भाजल्याचा वास यायचा. कारखाना २०१६ साली बंद झाला, आता वास येतो तो फुलबाजाराचा आणि वड्यांच्या कढईचा. आणि डोक्यावर विमाने. विमानतळ अगदी शेजारी आहे. पहिल्या दिवशी विमान गेले की मी दचकून वर बघायची. हे मात्र शांतपणे चहा पीत. म्हणाले, "हितं माझ्यावानी कान असलेलं बरं."

कानाच्या डॉक्टरांनी यांना एका बंद खोलीत बसवून तपासले. आत यांच्या कानांवर यंत्र, बाहेर काचेपलीकडे मी आणि मुलगा. आवाज आला की बोट वर करायचे. कितीतरी वेळ बोट वर जाईना, तेव्हा माझ्या पोटात कालवाकालव झाली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. मोठ्या आवाजाजवळ वर्षानुवर्षे राहिले, शिवाय वय झाले, की आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, त असली अक्षरे जातात. जाड आवाज राहतात. म्हणून माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. आणि भोवती गोंगाट असला की उरलेलेही बुडते. गेलेले परत येत नाही, मशीन लावले तर पुष्कळ सोय होते. (ट्रॅक्टर, मळणी यंत्र चालवणाऱ्या आपल्या मुलांना जरूर सांगा : कानात नुसता कापूस कोंबून भागत नाही, त्यासाठी कानावर घालायची टोपणे किंवा कानात घालायचे बूच मिळतात, ते वापरावे.) मशीन मिळायला दहा-बारा दिवस लागणार होते. आणि डॉक्टर मला म्हणाले, "तोवर समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. पाठीमागून ओरडू नका."

मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडत ते रात्री आठला येत. घरात आम्ही दोघेच. शेजारी टिळक मंदिर आहे, म्हणजे १९२३ साली स्थापन झालेला लोकमान्य सेवा संघ. तिथे वर्तमानपत्रे वाचायला हे जाऊ लागले. पु. ल. देशपांडे पार्ल्यातच वाढले, पार्ले टिळक विद्यालयात शिकले. त्यांचे 'अपूर्वाई' मुलाच्या कपाटात होते. पत्नी सुनीताबाईंसह ते युरोपात फिरले, त्या प्रवासाचे ते पुस्तक, १९६० साली निघालेले. यांनी दोन दिवसांत वाचून संपवले आणि पुस्तक मिटून म्हणाले, "ती दोघं लंडनला गेली. आपुन निदान समोरच्या हॉटेलात तरी जाऊ."

गेलो. हॉटेल चांगले थंडगार होते, पण आत गोंगाट, वर कुठलेसे गाणे. वेटर आला आणि हिंदीत भराभर बोलू लागला. हे त्याच्या तोंडाकडे बघत, हसत, प्रत्येक शब्दाला मान डोलावत. मी "अवं, अवं" म्हणेपर्यंत तो लिहून घेऊन गेलासुद्धा. मग एकेक बशी यायला लागली. बाटलीतले पाणी आले. कसलेसे सूप आले. चीज घातलेला हातभर लांब डोसा आला, तो संपायच्या आत दुसरा आला. तळलेले काहीतरी लाल आले, त्याचे नाव मला अजून ठाऊक नाही. बिल झाले सहाशेच्या वर. उसाला टनाला तीन हजार धरले तर सहाशे रुपये म्हणजे दोन क्विंटल ऊस, अठरा महिने राखलेला. हिशेब यांनी तिथेच कागदी रुमालावर मांडला. मला राग आला होता, पण यांचा चेहरा बघितला आणि गिळला. ते लाल तळलेले पुढ्यात ओढून म्हणाले, "जामीन राहण्यापरीस हे स्वस्त पडलं." मग आम्ही दोघे इतके हसलो की शेजारच्या टेबलावरची मुले वळून बघू लागली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आले, बेचाळीस वर्षांत आज पहिल्यांदा आम्ही दोघे एका वेळी, समोरासमोर जेवलो. घरी आधी गडीमाणसे, मग पोरे, मग बाया. मी चुलीपुढे, यांचे ताट माझ्या पाठीमागे. भाकरी पाठीमागे सरकवायची आणि पाठमोरेच बोलायचे. यांना भाकरी कशी लागली ते मी आवाजावरून ओळखायची. हे खाताना डावीकडेच चावतात, हे मला त्या हॉटेलात दिसले. उजवीकडची दाढ गेली होती. कधी गेली, विचारले तर म्हणाले, "झाली की पाच वर्सं."

त्यानंतर आम्ही रोज कुठे ना कुठे जाऊ लागलो. हॉटेलात शिरायच्या आधी मी बाहेरच यांना विचारून घ्यायची आणि आत मीच सांगायची. बाईने सांगितले तर वेटर पुरुषाकडे बघतो, पण दोनदा सांगितले की लिहून घेतो. वडापाव उभ्यानेच खाल्ला. हा वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर निघाला असे सांगतात. आपल्या रानात मजुरांना नेऊन द्यायला याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही, असे यांचे मत पडले.

माटुंग्याला तर दोनदा गेलो. स्टेशनाजवळ अ. रामा नायक यांनी १९४२ साली काढलेले श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, उडुपी पद्धतीचे. आधी पैसे भरून कुपन घ्यायचे, नंबर आला की मिळेल त्या टेबलावर बसायचे, पुढ्यात केळीचे पान. भात, रसम, सांबार, भाजी, पापड, वाढपी पुन्हा पुन्हा विचारीत येतो. पान बघून यांना लग्नाची पंगत आठवली. आमच्या टेबलाला आणखी दोन अनोळखी माणसे होती, बँकेत जाणारी असावीत. कुणी कुणाशी बोलत नव्हते, सगळे आपापल्या भाताकडे बघत होते. मला ते आवडले. इथे कुणाला काही ऐकू यायची गरजच नव्हती. वाढप्याने वाटी पुढे केली की हात आडवा धरायचा किंवा नाही. तीसचाळीस वर्षे आपण पंगतीत हेच करत आलो.

गाण्याचा दिवस मात्र मला विसरता येणार नाही. पार्ल्यात महापालिकेचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे. तिथे नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता, मुलाने स्वतःसाठी तिकिटे काढली होती, पण त्याला ऐनवेळी काम निघाले आणि तिकिटे आमच्या हाती आली. मी म्हणाले, यांना ऐकू येत नाही, गाण्याला नेऊन काय करू? हे मात्र धोतराला इस्त्री करून तयार. मास्टर दीनानाथ कितीतरी वर्षे आमच्या सांगलीत राहिले. आणि बालगंधर्वांचे मूळ गाव नागठाणे, म्हणजे आमच्या पलूस तालुक्यातलेच. मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केली, असे आमच्याकडे शाळेतले पोरही सांगते. माझे सासरे बालगंधर्वांचे नाटक बघायला बैलगाडी जुंपून गेले होते आणि ती गोष्ट त्यांनी मरेपर्यंत सांगितली. एवढे सगळे आमच्या भागातले, आणि मी नाट्यगृहाची पायरी पहिल्यांदा चढले ती पार्ल्यात, एकसष्टाव्या वर्षी.

आत बसलो. निवेदन करणारी बाई गोड बोलत होती, पण यांना त्यातले काही पोचत नव्हते. हे कानामागे हात धरून पुढे वाकलेले. मी कानाशी लागून सांगू लागले तर पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी वळून बघितले. मी गप्प झाले. दोन पदे झाली. हे माझ्याकडे बघून नुसते हसले, तेच मान डोलावणारे हसू. वाटले, उठावे आणि घरी जावे.

मग कान्होपात्रेचा अभंग सुरू झाला. 'संगीत कान्होपात्रा' हे नाटक १९३१ चे, बालगंधर्वांनी त्यात कान्होपात्रेचे काम केले. पण आम्हाला तो अभंग नाटकातला म्हणून ठाऊक नव्हता. आमच्या भजनात हे तो तीस वर्षे म्हणत आले. पेटीचा जाड सूर आणि तबल्याचा डावा यांच्यापर्यंत पोचला असणार. यांनी कानामागचा हात काढला. मांडीवर ताल धरला. आणि थोड्या वेळाने हे म्हणू लागले. शब्द यांना ऐकू येतच नव्हते, पण ऐकायचे होते कशाला, ते पोटात होते. फक्त, ज्याला ऐकू येत नाही त्याला आपला आवाज किती लागतो तेही कळत नाही.

आजूबाजूचे बघू लागले. मी यांना गप्प करायला हात उचलला. यांनी डोळे मिटलेले होते. दोन वर्षांत भजनाला जायचेही यांनी सोडले होते, टाळ चुकतो म्हणून. माझा उचललेला हात तसाच यांच्या गुडघ्यावर राहिला. चारचौघांत मी असा हात कधी ठेवला नव्हता. पुढच्या गृहस्थांनी पुन्हा वळून बघितले, तेव्हा मी दुसऱ्या हाताने कानाकडे बोट दाखवले आणि मान झुकवली. त्यांनी एकदा यांच्याकडे बघितले आणि पुढे तोंड केले. पुन्हा काही ते वळले नाहीत.

बाहेर आल्यावर यांनी विचारले, "मी मोठ्यानं म्हनत हुतो का गं?"

मी म्हणाले, "न्हाई."

शेवटच्या आठवड्यात माथेरानला गेलो. दादरहून कर्जतची लोकल, नेरळला उतरायचे. तिथून डोंगरावर जाणारी छोटी गाडी १९०७ सालापासूनची, आदमजी पीरभॉय नावाच्या उद्योजकाच्या घराण्याने बांधलेली. एकवीस किलोमीटरचा वळणावळणांचा रूळ. आम्ही निवांत दहाला पोचलो, तर तिकिटे केव्हाच संपलेली. गाडी लहान, जागा थोड्या, पहाटेच रांग धरावी लागते. चूक आमचीच. टॅक्सीत इतर माणसांबरोबर दाटीवाटीने बसून वर दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. त्याच्या पलीकडे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या जाऊ देत नाहीत. पुढे घोड्यावर किंवा पायीही जाता येते. घोड्याचे पैसे ऐकून यांनी ते उसात मोजले आणि आम्ही पायी निघालो.

लाल माती, दोन्ही बाजूंना दाट झाडी, जांभळी पुष्कळ. यांनी वाकून माती हातात घेतली, चुरगळली, "ऊस न्हाई यायचा हितं," म्हणाले. एका माकडाने माझ्या पिशवीतली दशमी पळवली. त्याबद्दल फार लिहीत नाही, चूक तिथेही आमचीच.

चालता चालता मी सहज म्हणाले, "पाय दुखाय लागलं." हे पुढे चालत होते, पाठ माझ्याकडे. "मग बसूया की," म्हणाले आणि कठड्यावर टेकले.

मी जागच्या जागी उभी राहिले. मी ओरडले नव्हते. यांनी माझ्या तोंडाकडे बघितलेही नव्हते. मोटार नाही, भोंगा नाही, विमान नाही, टीव्ही नाही, म्हणून माझा साधा आवाज यांच्या कानापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी सांगितलेले गोंगाटाचे गणित मला तिथे कळले.

मैत्रिणींनो, ओरडून सांगाव्यात अशा गोष्टी नवरा-बायकोत फार थोड्या असतात. दोन वर्षे मी यांच्याशी फक्त तेवढ्याच बोलले होते : जेवण झालंय, लाईट आलीय, पाहुणे आलेत. बाकीचे सगळे माझ्याजवळ साठून राहिले होते. त्यातली एक गोष्ट सहा महिने घशाशी होती. थोरल्या सुनेला वेगळी चूल हवी होती. भांडण नव्हते. तिची पोरे सकाळच्या शाळेची, तिला तिच्या वेळेने करायचे असते, आणि माझ्या हाताखाली पंधरा वर्षे काढल्यावर तिला तसे वाटले तर नवल नाही. थोरल्याने मला येऊन सांगितले, आबांना तू सांग म्हणाला. पण सांगू कशी? यांना सांगायचे तर ओरडायला हवे, आणि ओरडले की सून ऐकणार, गोठ्यातला गडी ऐकणार, शेजारचे घर ऐकणार. ही गोष्ट माझ्या तोंडून तशी बाहेर पडली असती तर ती भांडणच झाली असती. म्हणून मी गप्प. (हे थोरली वाचेलच. तिला वाचून दाखवूनच पाठवते आहे.)

त्या कठड्यावर बसून मी सांगितले. हळू आवाजात, जशी पूर्वी रात्री सांगायची. हे खाली दरीकडे बघत राहिले. मला वाटले, ऐकू गेले नाही. मग म्हणाले, "ठाव हाय मला. सहा म्हैने तिच्या तोंडाकडं बघतोय. मी बहिरा हाय, आंधळा न्हाई."

"मग बोलला न्हाईसा ते?"

"तू बोलंस्तवर थांबलो."

मागची खोली आणि सोपा त्यांना द्यायचा, म्हशी एकत्रच ठेवायच्या, पाडव्याला चूल मांडायची, एवढे तिथेच ठरले. खाली कुठेतरी छोट्या गाडीची शिट्टी झाली. "ऐकू आली का?" मी विचारले. नव्हती आली. उंच आवाज होता तो.

मशीन परत निघायच्या आदल्या दिवशी मिळाले. लावल्याबरोबर हे दचकले आणि पंख्याकडे बघू लागले. पंखा आवाज करतो हे यांना ठाऊकच नव्हते. मग वरून विमान गेले आणि यांनी मशीन काढून खिशात टाकले. आता सवय झाली आहे. भजनाला पुन्हा जातात, टाळ अजून मधून चुकतो.

पाडव्याला वेगळी चूल झाली. पहिल्या दिवशी सवयीने मी चार भाकरी जास्त थापल्या आणि त्या थोरलीकडेच पाठवल्या, तिने वाटी भरून आमटी पाठवली. आमच्याकडे आता दोघांचाच स्वयंपाक. भाकरी सगळ्या थापून झाल्या की मी माझे ताट घेऊन यांच्यापुढे बसते. बसावेच लागते. जेवताना हे मशीन काढून डबीत ठेवतात. ते कानात ठेवून पापड खाल्ला की डोक्यात कुणी खडी फोडतंय असे वाटते म्हणे.

यंदा ऊस गेला की नेरळला पहाटे पाचला पोचायचे ठरले आहे. छोट्या गाडीचे तिकीट काढायला.